वाव्हळे सर 'घात' म्हणत नाहीत

हे मी सांगायचं नव्हतं. सरांनी वर्गात स्पष्ट बजावलं आहे, "इथलं इथंच ठेवा. गावात बोलणं कमी आहे का?" पण गणिताच्या तासाचे किस्से असे, की एक मनात ठेवला तर त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसतो. आता माझ्या एकटीकडं फार झाले. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून सांगते.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून पायी जाण्याएवढं. वाव्हळे सर पूर्णेहून पॅसेंजरनं येतात, चुडाव्याला उतरतात आणि कापसाच्या रानांमधून चालत शाळेत पोचतात. सातवी आणि आठवी आम्ही एकाच खोलीत बसतो, दोन्ही वर्गांना गणित तेच शिकवतात. ते आले तेव्हा टेम्पररी होते. इन्स्पेक्शनला साहेब येणार, वर्ग तपासणार आणि मग सर कायम होणार, नाहीतर जाणार. विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून तेव्हा पारावर रोज वाद चालायचा. सरांचं आडनाव ऐकलं की काही लोक पान थुंकून उठून जायचे. त्यांना सर नकोच होते. आम्हाला मात्र ते राहायला हवे होते. त्यांच्या आधी आम्हाला गणिताचा तासच नव्हता. त्या तासाला आम्ही शाळेचं अंगण झाडायचो.

*

पहिला किस्सा साधाच आहे. बाळूचे वडील रेल्वेत. पूर्णेहून चुडाव्याला बदलून आलेले, त्यामुळं बाळूला पूर्णेचा भारी अभिमान. सरांनी फळ्यावर 'पूर्णांक' असं लिहिलं तसा तो उठून म्हणाला, "सर, हे आमच्या पूर्णेचे हायत."

"हो," सर म्हणाले. "आणि अपूर्णांक आहेत ना, ते चुडाव्याचे."

वर्ग हसून हसून बेजार झाला. पहिल्या महिन्यात आम्ही असं हसायचो.

*

मग सरांनी अंगणात संख्यारेषा आखली. कबड्डीच्या मैदानाची फक्की घेऊन एक लांब पांढरी रेघ. मध्ये शून्य, उजवीकडं धन, डावीकडं ऋण. एकेका आकड्यावर एकेक जण उभा केला. शून्यावर मात्र कुणी जाईना. जो तिथं उभा राहील त्याला परीक्षेत तेवढेच मार्क पडतील, असं खंडूनं आधीच जाहीर करून टाकलं होतं.

"बरं, ती जागा मोकळी ठेवा," सर म्हणाले. "आता डावीकडून सुरू करा. आपापली संख्या मोठ्यानं सांगायची."

मी उणे चारवर होते. मी म्हटलेलं बहुतेक मलाच ऐकू आलं. मग उणे तीन, उणे दोन. सखू म्हणाली, "उणे एक." पुढं आलं, "शून्य." मग बाळू म्हणाला, "एक." रांग तशीच शेवटपर्यंत गेली.

सर थांबले. "शून्य कोण म्हणालं?"

बाळू म्हणाला, "सर, मला वाटलं तुमीच म्हनलात."

सर त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "मला वाटलं तू."

सखू त्या जागेला अगदी लागून उभी होती. वर्गात परत येताना ती माझ्या कानात म्हणाली, "आवाज बारीक होता गं. आपल्याएवढ्या पोरीचा."

*

या सखूला प्रश्न फार पडतात. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे सरांनी शिकवलं त्या दिवशी ती उठली.

"सर, न्हाई त्याला न्हाई त्यानं गुनलं, तर हाय ते कुठून आलं?"

सरांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"येतं, एवढं पुस्तकात आहे," ते म्हणाले. "कुठून येतं, ते नाही."

*

आठवीला वास्तव संख्या आहेत. तो धडा आम्हा सातवीवाल्यांनाही बसल्याजागी फुकट ऐकायला मिळतो. सर सांगत होते की दोनाचं वर्गमूळ रेषेवर ठरलेल्या जागी असतं, पण आकड्यांत लिहायला गेलं तर कधीच संपत नाही. बाळूला ते पटेना. "सर, तुमीच कंटाळा करायलात. लिहीत गेलं की कधीतरी संपंलच की."

सरांनी खडू घेतला आणि लिहीत गेले. एक दशांश चिन्ह चार एक चार दोन एक. तिथं फळ्याची कड आली आणि शाळा सुटायची घंटाही झाली. "उरलेलं तू लिही," असं बाळूला म्हणून ते स्टेशनाकडं गेले. खोलीला महादूकाकांनी, म्हणजे आमच्या शिपायांनी, कुलूप घातलं.

सकाळी कुलूप उघडलं तर पुढचे आकडे भिंतीवर होते. फळ्याच्या कडेपासून खिडकीपर्यंत, एका ओळीत.

सर बाळूकडं बघायला लागले. बाळू रडवेला झाला. "आईची शपथ सर, मला भागाकारच येत न्हाई."

ते खरं होतं. सरांनी मग सगळा तास घालून ते आकडे एकेक करून पडताळले. आमच्याकडं पाठ होती. खडूचा आवाज तेवढा येत होता. शेवटी त्यांनी हात झटकले.

"बरोबर आहेत," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "अक्षरही चांगलं आहे."

भिंत पुसायला कुणी पुढं होईना. शेवटी सरांनीच पुसली.

*

आता घातांक. या धड्यापासून गावात गडबड झाली.

तीन तीनदा घेऊन गुणले तर त्याला तीनचा तिसरा घात म्हणतात. आम्ही म्हणायचो, आम्हाला काही वाटत नव्हतं. पण एके दिवशी खंडूची माय भर तासाला दारात उभी राहिली. कापूस वेचताना उठून आली होती, ओटी तशीच बांधलेली.

"मास्तर, पोरगं घरात सारखं घोकायलंय. पाचाचा घात, पाचाचा घात. आमी घरात मानसं पाचच हाव."

वर्ग हसला नाही. सर दारापाशी गेले. "बाई, हा घात वेगळा. यात नुकसान नाही, यात वाढ होते. पाचाचा दुसरा घात पंचवीस."

तिनं विचार केला. "पंचवीस मानसं खातील काय?" पण तिचा चेहरा जरा सैल झाला. ती वळलीच होती, तेवढ्यात खंडूला हुशारी दाखवायची हुक्की आली.

"माय, शून्यावा घात केला तर एकच येतो. पाचाचा बी एक, पन्नासाचा बी एक."

ती परत फिरली. "खरं का, मास्तर?"

सर खोटं बोलत नाहीत. "हो. तो नियम आहे."

"म्हंजे घरात किती बी मानसं असू द्या, शेवटी एकच ऱ्हातो."

सरांनी फळ्याकडं मान वळवली.

"मग त्यो कोन, तेवढं सांगा," ती म्हणाली. "पाचातला हाय, का दुसराच कुनी?"

*

संध्याकाळपर्यंत हे पारावर गेलं. ज्यांना सर नको होते त्यांना आयतंच निमित्त मिळालं. नवा मास्तर लेकरांकडून गावातल्या घरांचे घात म्हणवून घेतो, अशी तक्रार वर गेली.

सरांनी तो शब्द सोडला. त्याच्या जागी 'चढ' म्हणायला लागले. दोनावर तीनचा चढ, पाचावर दोनचा चढ. आम्हीही तसंच म्हणायचो. शून्याचा चढ मात्र त्यांनी फक्त एकदा फळ्यावर लिहून दाखवला, तोंडानं म्हटला नाही, आणि लगेच पुसला.

हेडसर त्यांना व्हरांड्यात म्हणाले ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "वाव्हळे, साहेब येणार आहेत. त्यांनी घातांक विचारले आणि पोरं 'चढ' म्हणाली, तर तुमचं कायम होणं विसरा."

"मला तरी 'चढ' म्हणणं कुठं पटतंय सर," वाव्हळे सर म्हणाले. "पण त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही."

*

इन्स्पेक्शनला जीप आली. वर्गात चार खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब बसले, त्यांचे कारकून बसले, शेजारच्या गावचे हेडमास्तर बसले आणि बाहेर ऊन फार म्हणून चौथ्या खुर्चीवर ड्रायव्हर बसला. आमचे हेडसर दाराशी उभे होते.

"गुरुजी, आधी तुम्ही घात म्हणवून घेता अशी तक्रार होती, आता 'घात' हा शब्दच उच्चारत नाही अशी आहे," साहेब म्हणाले. "आज उच्चारा. शून्यावा घात शिकवा. एखादा आकडा घ्या." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "घ्या, चार."

सगळ्या वर्गाची नजर त्या चार खुर्च्यांवर गेली.

"साहेब, दुसरा कुठलाही आकडा द्या," सर म्हणाले.

"का? चारात काय अडचण आहे?"

सरांच्या हातात खडू होता. त्यांनी फळ्याला लावला नाही. साहेब वैतागले. "ठीक आहे, मी पोरांनाच विचारतो. चाराचा शून्यावा घात किती? एकाला जरी आलं तरी समजेन की तुम्ही शिकवलंय. नाही आलं तर उद्यापासून यायची गरज नाही."

उत्तर सगळ्यांनाच येत होतं. खंडूनं मान खाली घातली. बाळू खिडकीबाहेर बघत होता. सखूनं माझा हात घट्ट धरला होता. मी वर्गात आपणहून कधी उठलेली नाही. पण मला ते रिकामं अंगण आणि हातात झाडू दिसायला लागला, आणि मी उठले.

सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. नको.

"एक," मी म्हणाले.

"पूर्ण वाक्यात सांग," साहेब म्हणाले.

"चाराचा शून्यावा घात एक."

"शाब्बास." साहेब उठले. "गुरुजी, तुम्ही कायम. कागद मागून येईल." आणि कागद आलासुद्धा. सर आजही आम्हाला शिकवतात.

ते चौघं हेडसरांच्या खोलीत गेले. हेडसर नाश्त्याचं बघायला बाहेर आले, आणि महादूकाका ट्रेमध्ये चहाचे चार कप घेऊन आत गेले. लगेच परत आले. चारही कप भरलेले. ते आमच्या दारात उभे राहिले आणि सरांना म्हणाले, "सर, भाईर चपला चार जोड हायत. जीप बी उभी हाय. पर आत एकच जन बसलाय."

"साहेब असतील," सर म्हणाले.

"साहेब न्हाईत. आलेल्यातला कुनीच न्हाई त्यो. मला म्हनला, च्या ऱ्हाऊ द्या, जिनं उत्तर दिलं त्या पोरीचं नाव सांगा."

सरांनी खडू ठेवला, माझ्यापाशी आले आणि खाली वाकून मला म्हणाले, कुणी कितीही हाक मारली तरी तू

थांबा, अंगणातून कुणीतरी माझं नाव घेऊन बोलवायलंय. आवाज मायचा वाटतोय, पण ती तर कापूस वेचायला गेलीय, लवकर कशी आली कोण जाणे. बघून येते, तोवर तुम्ही