पाच मिनिटं मशीनवर बसू द्या

ती घटना आठवली की आजही मला माझीच लाज वाटते. नोकरीत शाबासकी मिळालेले तपास बरेच आहेत; त्यांच्याबद्दल लोक विचारतात. याबद्दल कुणी विचारत नाही.

मी तेव्हा महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी सातच्या सुमारास जत भागातलं एक मेंढपाळ जोडपं कळप घेऊन रस्ता ओलांडत होतं. भरधाव जीपनं बाईला उडवलं. बाई जागीच गेली, जीप थांबली नाही. नवऱ्याला रंग तेवढा दिसला, पांढरा. पुढे चार किलोमीटरवर टोलनाका. तिथं प्रत्येक गाडीचा फोटो निघतो, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

नेमके त्याच चाळीस मिनिटांचे फोटो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नव्हते.

नाक्याच्या मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. "साहेब, सिस्टीम एकट्या ऑपरेटरच्या हातात आहे. माझं नाव येऊ देऊ नका, पण त्यानंच उडवलेत."

ऑपरेटर म्हणजे लष्कराच्या सिग्नल रेजिमेंटमधून निवृत्त झालेला हवालदार, सातारा तालुक्यातला, पंचेचाळिशीचा. चौकशीत तो ताठ बसला.

"साहेब, फोटो गेलं न्हाईत. बूथच्या मशीनवरच हायती."

"आमच्या माणसानं ते मशीन बघितलंय. रिकामं आहे."

"तसं न्हाई दिसायचं. बूथवर लिनक्स हाय, ऑफिसात विंडोज. ऑफिसचा शेअर केलेला फोल्डर बूथच्या एका रिकाम्या फोल्डरवर जोडलाय. माझी स्क्रिप्ट, म्हंजे मी लिवलेला छोटा प्रोग्राम, फोटो त्यात टाकती. त्या सकाळी ऑफिसचं मशीन बंद पडलं, जोडणी तुटली. स्क्रिप्टला काय कळतंय? ती बूथच्याच फोल्डरात टाकत बसली. परत जोडणी झाली की वरनं ऑफिसचा फोल्डर बसला, खालचं झाकलं. टोपल्यावर टोपलं ठेवल्यागत. मला पाच मिनिटं मशीनवर बसू द्या, काढून देतो."

मला त्यातलं काही कळलं नाही. आरोपीला पुराव्याच्या मशीनवर बसवायचं नसतं, एवढं कळत होतं. ते मशीन जप्त करून पंचनामा केला, सील करून प्रयोगशाळेत पाठवलं. आणि त्याच्या कानाखाली मारली.

मारानं तो बधला नाही. मग मी म्हणालो, "तुझ्या बायकोला इथं आणून बसवतो." त्यानं कबुलीवर सही केली. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल झाला आणि फोटोसकट बातमी छापून आली.

मयत बाईचा नवरा दर सोमवारी ठाण्यात यायचा. "सायेब, गावली का गाडी?" मी सांगायचो, फोटो त्या ऑपरेटरनं उडवले. तो त्याला तळतळून शिव्या द्यायचा. मी ऐकून घ्यायचो.

पाचव्या महिन्यात प्रयोगशाळेतून त्या डिस्कची प्रत आली. सांगलीच्या सायबर शाखेतल्या एका महिला कॉन्स्टेबलनं ती उघडली. प्रतीला ऑफिसची जोडणी नव्हतीच, त्यामुळे वर काही झाकलेलं नव्हतं. फोल्डर उघडताच चाळीस मिनिटांचे फोटो समोर आले. त्यात पांढरी जीप होती, डावा दिवा फुटलेला, नंबर स्वच्छ.

"सर," ती म्हणाली, "हे त्यांनी कबुलीआधीच्या जबाबात सांगितलंय. पहिल्याच पानावर."

आणखी एक गोष्ट निघाली. जोडणी वारंवार तुटते, तुटली तर स्क्रिप्ट थांबवायची सोय करू द्या, असं ऑपरेटरनं त्याच मॅनेजरला तीनदा लेखी कळवलं होतं.

जीप मिळाली तेव्हा तिला नवा बंपर, नवे दिवे आणि नवा रंग होता. त्या सकाळी ती कोण चालवत होतं, हे कोर्टात सिद्ध झालं नाही. मालक सुटला. ऑपरेटरवरचा गुन्हा आम्ही मागे घेतला. ती बातमी कुणी छापली नाही. मॅनेजरला बढती मिळाली. मेंढपाळाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मी त्या मानसाला उगाच शिव्या घातल्या." त्यानंतर तो आला नाही.

समोरच्याचं बोलणं आपल्याला कळलं नाही की तो बनवतोय, असं धरून चालायची सवय आमच्या खात्यात फार जुनी. मी तीस वर्षं तिला अनुभव म्हणत आलो.

परवा डोळे दाखवायला मिरजेला गेलो होतो. दवाखान्याच्या फाटकावर तो ऑपरेटर रखवालदार म्हणून उभा होता. मी काच खाली केली. "ओळखलं का? माझ्या हातून फार मोठी चूक झाली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग हातानं रस्त्याच्या पलीकडे दाखवलं.

"गाडी तिकडं लावा, साहेब. हितं ॲम्ब्युलन्स येती."

मी गाडी पलीकडे नेऊन लावली.