शेजारच्या मावशींचं शिळं पाणी

माझे मासे वाचले ते शेजारच्या मावशींमुळे, हे आधी लिहितो. आठवीतून शाळा सोडलेला मी, भंडाऱ्याहून सोलापुरात कामाला आलो. खोलीमागे टाकीत मासे, वर खडीत मेथी, माशांचं पाणी पंपाने मेथीला, असं मोबाईलवर बघून जुळवलं होतं.

आमच्या गल्लीत नळ चार दिवसांनी एकदा येतो. त्या दिवशी तो आला. आईची शिकवण, शिळं पाणी ओतायचं, ताजं भरायचं. मी टाकी तशीच भरली. नळ गेला, आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागले. मी शेजारी मावशींना हाक मारली.

मावशी येता-जाता आपल्या पिंपावर बोटं वाजवतात. आवाजावरून पाणी किती ते त्यांना कळतं. त्यांनी टाकीत बोट बुडवून हुंगलं.

"नळातल्या औषधाचा वास येतंय की बे. ताजं माणसाला. माशाला शिळंच लागतंय, औषध उडालेलं."

"आता शिळं कुठून आणू, मावशी?"

"बादली घे की."

टाकीतलं पाणी काढून त्यात त्यांच्या पिंपातलं मागच्या नळाचं सगळं पाणी त्यांनी मला ओतायला लावलं. मासे शांत झाले. जाताना मावशींनी सवयीने पिंपावर बोटं वाजवली. ते पोकळ वाजलं, आणि पुढचा नळ चार दिवसांनी होता.

मावशी, एक दिवस ते पिंप मी काठोकाठ भरून देईन.