बरी न झालेल्या बाईंची साक्ष

नर्सबाईंना "कशा आहात?" असं विचारायची सोय नव्हती. "दुखतंय. पुढं बोला," असं तोंडावर उत्तर यायचं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बाकीच्या बायका "प्रभूच्या कृपेनं बरं आहे" म्हणत. बाई म्हणायच्या, "कृपा हाय, पण बरं न्हाई. खोटं कशाला बोलू?"

संधिवातानं त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झाली होती. खोडदपासून पिंपळवंडीपर्यंतची निम्मी पोरं त्याच हातांवर जन्मली, माझा सुमितसुद्धा. रिटायर झाल्यावर त्या भाकरीचं पीठ मनगटानं मळायच्या. कुणी मदतीला धावलं की म्हणायच्या, "बोटं गेली, जीभ हाय. लागलं तर हाक मारीन."

सुमित दोन वर्षांचा असताना पोलिओनं त्याचा डावा पाय गेला. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. त्याच वर्षी हंगामाच्या सणाला, म्हणजे नवं पीक चर्चमध्ये देवाला वाहतात तेव्हा, पुण्याहून एक प्रचारक आले. त्यांनी पोराच्या पायावर हात ठेवून प्रार्थना केली, पाय काही हलला नाही, तेव्हा सगळ्यांदेखत मला म्हणाले, "बाई, तुमचा विश्वास कमी पडला." मेल्याहून मेल्यासारखं झालं! त्या दिवसापासून मी प्रार्थना सोडली. चर्चला जायचे, पण ओठ मिटून बसायचे.

सणाच्या आदल्या दिवशी त्याच प्रचारकांनी बरं व्हावं म्हणून नर्सबाईंच्या बोटांनाही प्रार्थनेचं तेल लावलं होतं. सणाला आमच्याकडे साक्ष देतात, म्हणजे देवानं वर्षभरात काय केलं ते उभं राहून सांगायचं. त्या दिवशी साक्षीची वेळ आली तसे आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, बाईंच्या कानाशी लागले, "बाई, बरं वाटतंय एवढंच म्हणा. मंडळीला उभारी येईल." बाजरीची कणसं आणि टोमॅटोचे क्रेट पुढे रचलेले. बाई त्या राशीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर केले.

"सलाम, मंडळी. ही बोटं बघा. बरी झाली न्हाईत. तेल चांगलं व्हतं, त्याला नाव ठेवत न्हाई. पण माझं तारण झालंय, देवानं मला पापातून सोडवलंय, आन माझं दुखतंय. दोन्ही खरं हाय. दुखायचं थांबलं तरच तारण, असं कुणी सांगितलं? क्रुसावर खिळे ठोकले, तवा येशूला दुखलं न्हाई व्हय? मग त्याचा इश्वास कमी पडला का?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आन ही पोरगी. लेकराला पाठीवर घेऊन येष्टीनं पार ससूनपतूर जाती. तिच्या इश्वासाचं माप काढणारे तुमी कोण?"

प्रचारक लालबुंद झाले. "बाई, तुमच्या तोंडून सैतान बोलतोय!"

"सैतान खोटं बोलतो, भाऊ. मी खरं सांगितलं," असं म्हणून बाई जागेवर जाऊन बसल्या.

पुढे वर्षभर बाईंना महिला मंडळात प्रार्थना चालवू दिली नाही. मागच्या बाकावर बसून त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायच्या, तेही बेसूर. पाळकसाहेबांच्या कपाळाला आठी पडायची आणि मला बरं वाटायचं. पण माझे ओठ काही उघडेनात.

चारेक वर्षांनी बाईंचं हृदय थकलं. नारायणगावच्या दवाखान्यात मी उशाशी बसले होते. अचानक म्हणाल्या, "पोरी, माझ्यासाठी प्रार्थना कर."

"मी? बाई, मला येत नाही आता. आणि माझा विश्वास..."

"तुझा किती हाय ते मी इचारलं का? बरं व्हायचं मागू नको. मला भ्या वाटतंय, तेवढं सांग त्याला."

बाईंना भीती! मला रडूच फुटलं. त्यांचा वाकडा हात धरून मी देवाला तेवढंच सांगितलं, शब्द आडवेतिडवे, निम्मे रडण्यातच गेले. आमेन त्यांनीच म्हटलं.

सकाळी बाई गेल्या. तेव्हापासून मी रोज प्रार्थना करते, सुमितचा पाय तसाच लुळा आहे, तरीही. माझा विश्वास मोजायला आता कुणी येऊनच बघावं, उंबऱ्याच्या आत घेणार नाही.