आबांचं ‘आहे’

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आठवीसाठी मला धुळ्याच्या हायस्कूलला घालायचं ठरलं. राहायचं मावशीकडे. मे संपायच्या आधीच घरात नुसती लगीनघाई...

आईने वह्या-पुस्तकांना सिमेंटच्या गोणीच्या खाकी कागदाची कव्हरं घातली, भाताच्या खळीने चिकटवून. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याहून युनिफॉर्मचं कापड घेऊन आले. निळा रंग जरा उजळ निघाला म्हणून मी तोंड फुगवून बसले, तर बिचारे दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने बदलून आणायला गेले.

एवढं करूनही मला वेगळीच धास्ती होती. सुट्टीत मावशीकडे राहून आले होते ना... तिथे मी ‘पाणी गरम शे’ म्हटलं की मावसभावंडं पोट धरधरून हसायची. आमच्या घरात सगळे अहिराणीच बोलायचे. पंधरा दिवसांत मी ‘शे’ गिळायला आणि ‘आहे’ म्हणायला शिकले.

पण आबांचं काय करायचं? प्रवेशाच्या दिवशी हेडबाई स्वतः पालकांशी बोलतात, असं मावशीने सांगितलं होतं. आबा तिथे ‘शे’ म्हणाले की वर्षभर माझं हसं होणार, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं.

मग काय, मीच आबांची शाळा सुरू केली. ‘शे’ म्हणायचं नाही, ‘आहे’ म्हणायचं. आबा चुकले की मी तिथल्या तिथे टोकायचे, तेही चारचौघांत. तेरा वर्षांची कार्टी, पण तोरा काय तो!

आबा एका शब्दाने रागावले नाहीत. उलट वखर हाकतानाही सराव चालायचा... ‘चल राजा, ऊन होत आहे.’ आई हसून म्हणायची, “बैलेस्नं बी नाव टाकनं शे का शाळामा?” मला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. मी परत त्यांच्याकडून दहा वेळा म्हणवून घ्यायचे.

प्रवेशाचा दिवस उजाडला. आबा पांढरंशुभ्र धोतर नेसून आणि नवी टोपी घालून आले होते. ऑफिसात बाकावर पाच-सहा पालक, त्यांच्या शेजारी माझ्याच वयाच्या मुली. क्लार्कने फॉर्म भरता भरता मान वर न करता विचारलं, “व्यवसाय?”

आबा म्हणाले, “शे...” आणि थबकले. माझ्याकडे पाहिलं. ‘शेती’ म्हणायचं होतं हो त्यांना, पण तो ‘शे’ तोंडातून निघाल्याबरोबर चुकलो असंच वाटलं त्यांना. घाईघाईने सुधारून म्हणाले, “आहेती.”

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग क्लार्क फिसकन हसला, आणि मग बाकावरचे सगळे. आणि मी? ... मीही हसले. त्यांच्यापेक्षा मोठ्याने.

आवाज ऐकून हेडबाई बाहेर आल्या. क्लार्ककडे एकदा नुसतं बघितलं, तसा तो गप्प झाला. आम्हाला आत नेलं, आबांना खुर्चीत बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊ, आपली बोलीमा सांगा ना. मी बी आठलीच शे.” म्हणजे त्याही इथल्याच, अहिराणी बोलणाऱ्या.

आबांचा चेहरा असा खुलला म्हणता! बोलायला तोंड उघडलंसुद्धा... आणि मग परत माझ्याकडे पाहिलं.

गावातली भांडणं मिटवायला लोक ज्याला बोलावून न्यायचे, तो माणूस स्वतःच्या भाषेत बोलू का म्हणून तेरा वर्षांच्या पोरीला विचारत होता. नुसत्या डोळ्यांनी. मी काय करावं? मी मान हलवली. नाही.

आबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, “बाई, मुलगी हुशार आहे. तिला घ्या.” बस, तेवढंच. प्रवेश मिळाला.

त्या दिवसापासून आबा माझ्याशी कायम ‘आहे’तच बोलत आले. आईशी, भावाशी, गड्यांशी सगळी अहिराणी... मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की भाषा बदलणार. आणि मी मूर्ख, सासरी कौतुकाने सांगायचे, आमच्या आबांना मी शुद्ध बोलायला शिकवलं म्हणून.

परवा गावी गेले होते. आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ओट्यावर भावाशी काहीतरी बोलत होते आणि दोघं खदाखदा हसत होते. इतके मोकळे आबा मी किती वर्षांत पाहिले नव्हते. मी चहा घेऊन गेले, तर सावरून बसले आणि म्हणाले, “ये बाई, बस. प्रवास बरा झाला ना?”

पाहुण्याशी बोलतात ना, अगदी तसं. म्हटलं, आबा, माझ्याशी पण बोला ना आपल्या भाषेत.

“नको,” ते म्हणाले. “तुला आवडत नाही ना ते.”

टोमणा नव्हता हो. एखाद्याला कारलं आवडत नाही, म्हणून त्याच्या ताटात वाढू नये, इतकं साधं होतं त्यांचं ते. आवडतं म्हणून सांगायला, त्यांच्याच बोलीत सांगायला मी तोंड उघडलं... आणि बाहेर आलं ते ‘आवडतं, आबा’ असंच. माझीच बोली, पण वेळेला तोंडात आली नाही. फार लाज वाटली.