ऑकरॉईड बाईंचा एकच प्रश्न

लीड्सच्या उत्तरेला, टेकडीच्या उतारावर, थॉर्नली हाऊस नावाची मुलींची शाळा होती. भरभक्कम फी घेणारी, आणि फी मोजायची तयारी असली तरी कुणालाही सहजासहजी आत न घेणारी. दर जानेवारीत एका शनिवारी दहा-अकरा वर्षांच्या मुली पारदर्शक पिशव्यांत पेन्सिली घेऊन फाटकाशी जमत. इंग्रजी, गणित आणि तर्काची कोडी असे पेपर होत. तोवर त्यांचे आईबाप भोजनगृहात पचपचीत कॉफी पीत बसत आणि एकमेकांना सांगत, "छे हो, आमच्या मुलीची काही तयारीच नाही." पेपरांतून तरलेल्या मुलींना पुढच्या आठवड्यात मुलाखतीला बोलावणं यायचं. आणि त्या मुलाखतीच्या खोलीत, टेबलापलीकडे, विनिफ्रेड ऑकरॉईड बसलेल्या असायच्या.

बाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. वडील हॅलिफॅक्सच्या कापड गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांच्या मागे मागे फिरून लेकीला कुठल्याही वस्तूचं पोट उघडून आत काय आहे ते बघायची खोड लागली होती. बाई एकट्या राहायच्या, लग्न केलं नव्हतं, पण त्यांना कधी कंटाळलेलं कुणी पाहिलं नाही. बसमध्ये शेजारच्याच्या पिशवीतून काही विचित्र टोक बाहेर आलेलं दिसलं, की त्या सरळ विचारायच्या, "माफ करा हं, पण हे काय आहे?" लोक आधी बिचकायचे आणि मग स्टॉप चुकेपर्यंत सांगत बसायचे.

मुलाखतीत बाकीच्या शिक्षिका आवडतं पुस्तक, आवडता छंद असलं विचारायच्या, आणि मुली पाठ केलेलं घडाघडा म्हणायच्या. बाईंना त्याचा वीट आला होता. म्हणून त्यांनी आपली पद्धत काढली. जुन्या बाजारातून एखादी आता वापरात नसलेली वस्तू आणायची, टेबलावर ठेवायची आणि एकच प्रश्न विचारायचा, "हे काय असेल, सांग बघू?" बरोबर उत्तराला गुण नव्हते. मुलगी वस्तू हातात घेते का, चुकीचं बोलायला घाबरते का, चुकल्यावर हसते का, एवढंच बाई बघायच्या. कित्येक वर्षं हे छान चाललं.

मग एका वर्षी बाईंनी हातमोज्यांची बोटं सैल करायचा लाकडी चिमटा ठेवला. पहिली मुलगी आली. चिमटा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "वजनाला हलका आहे. मला वाटतं हा घरगुती वापराचा असावा. मी याची हालचाल करून बघू का?" बाई खूश झाल्या. दुसरी आली. तिनेही खिडकीच्या उजेडात धरला. "वजनाला हलका आहे. मला वाटतं..." दुपारपर्यंत खिडकीकडे न वळलेली मुलगी शोधून सापडेना.

शिक्षकांच्या खोलीत इतिहासाच्या मिसेस प्राउडफूट हसून म्हणाल्या, "अहो विनिफ्रेड, तुमची ही वस्तूची युक्ती क्लासवाल्यांना केव्हाच कळलीय. मुली बाहेर पडल्या की गाडीत बसताक्षणी आया सगळं काढून घेतात."

दुसरी कुणी चिडली असती. बाईंना मात्र वेगळंच कुतूहल लागलं. कुतूहलसुद्धा पढवता येतं? आणि पढवणारं हे माणूस आहे तरी कोण?

संध्याकाळी शेवटच्या मुलीला त्यांनी विचारूनच टाकलं, "काय गं, तुला उजेडात धरायला कोणी शिकवलं?"

मुलगी लालबुंद झाली. "मिसेस हेपलव्हाइटनी. पण त्यांचं नाव सांगायचं नाही असं सांगितलंय."

"मग मी ऐकलंच नाही," बाई म्हणाल्या आणि नाव नीट लक्षात ठेवलं.

पुढच्या शरद ऋतूत, एका गुरुवारी शाळा सुटल्यावर, बाई शहरातल्या आर्मली भागातल्या एका लाल विटांच्या घराच्या दारात उभ्या राहिल्या. दार डोरीन हेपलव्हाइटनी उघडलं. ठेंगणी, गोलमटोल बाई, कमरेला एप्रन. एके काळी प्राथमिक शाळेत शिकवायची, आता घरीच मुलींना प्रवेश परीक्षेसाठी तयार करायची.

"माझ्या भाचीच्या मुलीसाठी चौकशी करायची होती," बाई म्हणाल्या.

डोरीनने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "भाचीची मुलगी होय? कोटाच्या बाहीला खडू लागलाय तुमच्या. कुठल्या शाळेच्या तुम्ही?"

बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. "थॉर्नली हाऊस."

"अरे देवा! म्हणजे ती वस्तूवाली बाई तुम्हीच!" डोरीन दारातच हसत सुटली. "या, आत या. थंडीत काय उभ्या राहताय! फक्त माझ्या पोरींना घाबरवू नका म्हणजे झालं."

आत गालिचावर चार-पाच मुली गणितं सोडवत बसल्या होत्या. चहाबरोबर जिंजरब्रेडचा तुकडा बाईंच्या हातात देऊन डोरीन हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू? पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडून वाक्यं पाठ करून घेतली. उजेडात धरा, वजन बघा. पण मलाच लाज वाटली हो. आता रविवारी गाड्यांच्या डिकीत जुनं सामान विकायला आणतात ना, तिथनं मी काहीबाही उचलून आणते. गणितं झाली की बाहेर काढते."

"आणि ती कसली वस्तू आहे हे मुलींना कधी सांगता?"

"मला कुठे माहीत असतं? विकणाऱ्यालाही माहीत नसेल तेच आणते मी."

गणितं संपली. डोरीनने कपाटातून पितळेची एक नळी काढली. एक तोंड बंद, अंगभर बारीक छिद्रं, मध्ये एक कडं आणि वर अडकवायचा आकडा. मुलींनी झडप घातली.

"चहाची गाळणी!"

"एवढी लांब? जिराफाच्या चहाची का?"

"भूत कोंडायची नळी आहे ही. छिद्रं श्वास घ्यायला."

"भुतं श्वास घेत नाहीत, येडे!"

एक मुलगी आपली पाळी यायची वाट बघत होती. जॉसलिन लिबर्ड तिचं नाव. आजी-आजोबा कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरून येऊन लीड्सच्या चॅपलटाउन भागात स्थायिक झालेले. आई, ॲव्हरिल, शहराची बस चालवायची. जॉसलिनने नळी हातात आल्यावर आधी हुंगली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिच्यात साखर भरली, हलवली, साखर सगळीकडे सांडली. मग पाणी भरलं. मग फुंकर मारली. कडं फिरेना, तेव्हा तिने ते उलट्या बाजूला फिरवलं आणि ते अलगद निघालं.

"अगं, याचे आटे उलटे आहेत!" बाई ओरडल्या. चहाचा कप बाजूला ठेवून त्या केव्हा गालिचावर गुडघे टेकून बसल्या हे त्यांनाच कळलं नाही. "उलटे आटे उगीच कोणी पाडत नाही, फिरताना कडं सैल पडू नये म्हणून पाडतात. ही नळी कशावर तरी फिरत असणार."

"फिरत असेल तर आकडा कशाला?" जॉसलिनने विचारलं. "लटकवलेली वस्तू फिरवतील का?"

"वाऱ्याने फिरत असेल तर?"

"मग छिद्रं तिरकी हवीत. ही सरळ आहेत. बघा ना, बोट लावून बघा."

बाईंनी बोट लावून पाहिलं. छिद्रं सरळच होती. दोघी वाद घालत राहिल्या, बाकीच्या मुलींच्या आया येऊन त्यांना घेऊन गेल्या, तरी नळीचा उलगडा काही झाला नाही. निघताना डोरीन म्हणाली, "तुमच्या भाचीच्या मुलीचं नाव लिहून घेऊ का मग?" बाई मान खाली घालून हसल्या. घरी जाताना बसमध्ये त्या काचेवर बोटाने आटे काढत होत्या.

जानेवारी आला. जॉसलिनने थॉर्नली हाऊसची परीक्षा दिली. तिच्या शाळेतल्या शिक्षिकेनेच ॲव्हरिलला सुचवलं होतं की पोर हुशार आहे, फीमाफीही मिळू शकेल, बसवून तर बघा. पेपरांत ती अगदी काठावर तरली. मुलाखतीवर सगळं येऊन ठेपलं.

ती खोलीत आली आणि बाईंना बघून दारातच थबकली.

"बस गं," बाई म्हणाल्या. त्यांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं होतं. टेबलावर मेणबत्तीची वात कापायची जुनी कात्री ठेवली होती. "हे काय असेल, सांग बघू?"

जॉसलिनने कात्रीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "तुम्हाला माहितीये ना हे काय आहे ते?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"मग सांगा ना."

बाई गडबडल्या. "मला तू कसा विचार करतेस ते बघायचंय."

"पण मग मी याचा विचार करणारच नाही," ती म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता. अडचण सांगावी तसं ती सांगत होती. "तुम्हाला काय ऐकायचंय त्याचा विचार करत बसेन. मिसेस हेपलव्हाइटकडे तुम्हाला माहीत नव्हतं, तेव्हा बरं होतं."

कात्रीला तिने हात लावला नाही. हात मांडीवर, नजर कात्रीवर. वेळ संपली, जॉसलिन "थँक यू, मिस" म्हणून निघून गेली, आणि इतकी वर्षं मोठ्या दिमाखात विचारलेला आपला प्रश्न टेबलावर तसाच पडलाय असं बाईंना वाटलं.

आता गुण काय द्यायचे? खोलीत घडलं ते बघावं तर मुलगी वस्तूला हातही न लावणारी. गालिचावर घडलं ते बघावं तर अशी मुलगी त्यांच्या समोर कैक वर्षांत आली नव्हती. पण गालिचावरचं त्यांनी बघायलाच नको होतं. बाई उठल्या आणि मुख्याध्यापिका डॉ. कॉल्बेक यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

डॉ. कॉल्बेक बाईंपेक्षा वयाने लहान, अतिशय नीटनेटक्या. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "क्लासवालीच्या घरी गेला होतात? तुम्ही? मुलाखती घेणारी शिक्षिका?"

"हो."

"कशासाठी पण?"

"बघायला."

"काय बघायला, विनिफ्रेड?"

"ती कसं करते ते." बाईंना याहून चांगलं कारण सुचलं नाही, कारण याहून वेगळं कारण नव्हतंच.

"आणि आता म्हणताय की तिथे पाहिलेल्या मुलीला घ्या. उद्या दुसऱ्या एखाद्या आईला हे कळलं तर मी काय तोंड दाखवू?"

बाईंना हे पटलं. वाद त्यांनी घातला नाही. डॉ. कॉल्बेक यांनी जॉसलिनची मुलाखत रद्द करून मिसेस प्राउडफूट यांच्याकडे नव्याने ठेवली. तिथे तिने आवडतं पुस्तक सांगितलं, पोहायला आवडतं म्हणून सांगितलं आणि प्रतीक्षायादीत गेली. ऑकरॉईड बाईंना मुलाखतींच्या कामातून काढण्यात आलं. पुढच्या वर्षापासून मुलींना गटात बसवून काहीतरी बांधायला द्यायचं ठरलं. दोनेक वर्षांतच शहरातल्या सगळ्या क्लासांत मुली गटात बसून काहीतरी बांधायला शिकू लागल्या.

उन्हाळा सुरू होता होता एक जागा रिकामी झाली. एका मुलीचं कुटुंब परगावी गेलं होतं. शाळेने ॲव्हरिल लिबर्डला फोन केला: जागा आहे, फी जवळजवळ पूर्ण माफ. ॲव्हरिलने दोन दिवस मागून घेतले आणि नको म्हणून कळवलं.

शाळेत सगळ्यांना नवल वाटलं. ही जागा कोणी नाकारत नसे. बाईंना तर राहवेना. मन वळवायला नाही, नुसतं कारण ऐकायला म्हणून त्या पुढच्या गुरुवारी डोरीनकडे गेल्या. परीक्षा होऊन गेल्या तरी जॉसलिन वस्तूंसाठी तिथे यायचीच. ॲव्हरिल तिला न्यायला आली होती, बसच्या गणवेशातच.

"माझ्याकडे बघू नका," ॲव्हरिल हात वर करून म्हणाली. "मी तर नाचले फोन आला तेव्हा. माझ्या आईने चर्चमध्ये सगळ्यांना सांगूनसुद्धा टाकलं. पण ही पोरगी ऐकेल तर ना! विचारा, विचारा तिलाच."

"का गं नको म्हणालीस?" बाईंनी विचारलं. "माझ्यामुळे?"

जॉसलिनला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. "नाही. तुमच्याकडे लेथ नाही."

"काय नाही?"

"लेथ. धातू कापायचं यंत्र. आमच्या घराजवळच्या शाळेत आहे. पालकांना शाळा दाखवायच्या संध्याकाळी तिथल्या सरांनी मला चालवू दिलं. ते म्हणाले, हे यंत्र मधूनच थरथरतं, का ते त्यांना अजून सापडलं नाहीये. तुमच्या शाळेत मी विचारलं होतं, तर म्हणाले, मुलींना लेथ कशाला."

ॲव्हरिलने कपाळावर हात मारला. "ऐकलंत? फीमाफी सोडून बिघडलेलं यंत्र निवडलंय हिने!"

"बिघडलेलं नाहीये, मम्मी. थरथरतं."

"कधी थरथरतं?" बाई पुढे सरकल्या. "सुरू करताना, की वेग वाढवल्यावर?"

"वेग वाढवल्यावर. पण दर वेळी नाही."

"दर वेळी नाही..." बाई स्वतःशीच पुटपुटल्या. डोरीनने ॲव्हरिलकडे बघून डोळे मिचकावले आणि आणखी चहा टाकायला आत गेली.

सप्टेंबरात जॉसलिन त्या घराजवळच्या शाळेत जायला लागली. ऑकरॉईड बाईंनी अजून थोडी वर्षं थॉर्नली हाऊसमध्ये शिकवलं आणि निवृत्त झाल्या. मुलाखती गेल्याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. गुरुवार मात्र कधी चुकवला नाही. पण त्या पहिल्या शरद ऋतूतच, थॉर्नली हाऊसला सुट्टी असलेल्या आठवड्यात, त्या जॉसलिनबरोबर तिच्या सरांना भेटायला गेल्या. सर तरुण होते आणि थोडे गोंधळले, पण त्यांनी यंत्र सुरू करून दिलं. साठीला आलेल्या बाईंनी चष्मा वर सरकवला, यंत्रात फिरणाऱ्या पितळेच्या दांड्याला पातं लावलं, आणि सोनेरी कीस गोल गोल वळून त्यांच्या बाहीवर पडायला लागला.

"थांबा, थांबा," जॉसलिन यंत्राला कान लावून म्हणाली. "आत्ता थरथरलं. परत करा."

बाईंनी परत केलं.