काकांचा इंच

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे पॅटर्नकाका दुसऱ्या कुणाच्या इंचावर विश्वास ठेवत नसत. दुकानदाराच्या टेपवर नाही, गवंड्याच्या नाही, शिंप्याच्या तर मुळीच नाही. शर्टाचं माप द्यायला स्वतःची पट्टी घेऊन जाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. खिशात खडू असे. जिना उतरताना एखादी पायरी इतरांपेक्षा सूतभर उंच लागली की तिच्यावर फुली. आमच्या वास्तुशांतीला आले, प्रसाद घेतला आणि जाताना दाराच्या चौकटीवर फुली मारून गेले. मी आठवडाभर धुसफुसत होते. पुढे ते दार खरंच घासायला लागलं, पण हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

काकांनी सातपूरच्या एका फाउंड्रीत पस्तीस वर्षं पॅटर्न केले. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात घडवायचा. तो वाळूत दाबला की साचा तयार होतो आणि त्यात रस ओततात. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न किंचित मोठा करावा लागतो. त्यासाठी या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच नेहमीच्या इंचापेक्षा केसभर मोठा. "जगाचा इंच वेगळा, आपला वेगळा," असं काका म्हणत, आणि म्हणताना मान जरा ताठ होई.

निवृत्त झाल्यावर लोक गीतापाठ धरतात, नाहीतर शेअर बाजार. काकांनी नाव धरली. तीही साधी नाही, जोडनाव. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, त्यांना जोडणारे ॲल्युमिनियमचे नळ, मध्ये जाळीची बैठक आणि वर शीड. समुद्र नाशिकला नाही, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. "गंगापूरचं धरण काय कोरडं पडलंय?" ते म्हणाले. एकच होडी असली तर कलंडू नये म्हणून तिच्या बुडाशी वजन लटकवावं लागतं. दोन असल्या की नाव नुसत्या रुंदीवर तोलून राहते आणि पाणी उतरलं तरी पार गाळापर्यंत जाते. "एका पायावर उभं राहायला बगळ्याचा जन्म लागतो, ताई. आपल्याला दोन दिलेत." प्रत्येक होडी मधोमध बोल्टने सुटी होईल अशी त्यांची स्वतःची युक्ती होती, म्हणजे सगळी नाव एका छोट्या टेम्पोत मावावी.

काम चाले पार्किंगमध्ये. प्लायवूडच्या लांब पट्ट्यांना काठाने भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना शिवायच्या आणि मग शिवणींवर रेझिनचा चिकट लेप आणि काचेचं कापड चढवायचं. मी शाळेत भूगोल शिकवते. एका रविवारी रेझिनच्या वासाची तक्रार करायला खाली गेले आणि दोन तासांनी हातात पक्कड घेऊन वर आले. तेव्हापासून माझे रविवार गेले.

घाई कशाची, ते काकूंनी सांगितलं. काकांना काचबिंदू होता. नजर कडेकडेने विझत चालली होती आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. काकांना शीड बघत, स्वतःच्या हाताने, धरणाच्या पलीकडच्या काठापर्यंत नाव न्यायची होती. दिसतंय तोवर. काकूंना पाण्याची धास्ती, त्यामुळे त्या या सगळ्याला "ते लाकडाचं खूळ" म्हणत.

डावी होडी काकांनी एकट्याने पुरी केली. हिवाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही आठवडे वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. म्हणून उजव्या होडीची मापं मी टाकली, त्यांच्या वहीवरून, माझ्या साध्या स्टीलच्या टेपने. पट्टी ते कुणाला देत नसत आणि मीही मागितली नाही. काका बरे होऊन खाली आले तेव्हा दोन्ही होड्या आम्ही विटांवर शेजारी ठेवल्या. पुढची टोकं जुळवली. मागची जुळेनात. माझी होडी जवळजवळ दोन इंच आखूड होती.

काकांनी पट्टीने मोजलं, मग वहीत पाहिलं, मग आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "तुमचा टेप द्या बरं." मोजून झाल्यावर खालीच बसले.

"तुमची बरोबर आहे. माझ्या हाताने सवयीने ती फाउंड्रीची पट्टी उचलली. आकसणारच, असं धरून चाललो."

"लाकूड कुठे आकसतंय, काका?"

"तेच तर." त्यांनी खडू काढला आणि स्वतःच्या होडीवर फुली मारली. ती फुली बघून मला जितकं वाईट वाटलं तितकं माझ्या दारावरच्या फुलीने वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मागून दोन इंच कापू. "शेपूट कापाल. पोटही त्याच प्रमाणात फुगलंय, ते कसं कापाल?" नवी होडी करायची तर पावसाळ्यानंतर, म्हणजे पुढलं वर्ष.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि कप खाली ठेवले.

"करा की. पुढल्या वर्षी अगदी बरोब्बर होईल. आणि मग मला विचाराल, शीड कुठल्या बाजूला आहे गं?"

काका खडू बोटांत फिरवत राहिले.

"माझे तरी पाय कुठे सारखे आहेत? डाव्याला चप्पल कायम घट्ट होते. म्हणून मी काय चालायची थांबले?"

काकांनी बाहीने फुली पुसली. चुकलेलं काम त्यांनी पास केल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

शीड पंचवटीतल्या एका मांडव शिवणाऱ्याने शिवलं. "खांब एकच? मांडव उडंल की हो," असं तो तीनदा म्हणाला. परवानगी काढून, लाइफ जॅकेटं घालून आम्ही फेब्रुवारीत धरणावर गेलो. मोठ्या होडीमुळे नाव सतत डावीकडे ओढ घेई. सुकाणूचा दांडा जरा जोर लावून धरला की सरळ चाले. काका शीड बघत होते. पलीकडच्या काठाला नाव टेकली तेव्हा त्यांनी उतरून चिखलात पाय रोवले आणि मागे वळून पाणी पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मी घाई केली नाही.

असे तीन हिवाळे मिळाले. चौथ्याला काकांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तरी म्हणाले, एकदा जाऊ. त्या दिवशी काकू पहिल्यांदा नावेत बसल्या, डोळे गच्च मिटून. शिडाची दोरी माझ्याकडे होती, दांडा काकांकडे. मी मनातून घाबरले होते, पण नाव सुतासारखी सरळ गेली.

"कसं जमतंय?" मी विचारलं.

"ही ओढते ना डावीकडे. ओढ हाताला लागते. वारा वाढला की जास्त, पडला की कमी. नाव वळायला लागली की लगेच बदलते. दोन्ही होड्या सारख्या असत्या तर हाताला काहीच कळलं नसतं." मग काकूंना म्हणाले, "समोर काय आहे गं?"

काकूंनी एक डोळा उघडला. "पाणी. दुसरं काय असणार मेलं!"

"मग जाऊ दे अशीच."

त्या पावसाळ्यात काका गेले. नाव काकूंनी मला दिली. माझ्या होडीची लांबी बरोबर होती, याचा मला आता फारसा अभिमान वाटत नाही. हिवाळ्यात मी धरणावर जाते. समोर मोकळं पाणी आहे याची खात्री करते आणि दांडा धरून डोळे मिटते. ओढ हाताला लागते. मी आकडे मोजते. दहापर्यंत जमतं, पुढे भीती वाटते आणि डोळे उघडतात.