भाऊजींची जपानी एकादशी

आमचे भाऊजी जेवायला बसले की शेजारच्यांना न सांगता कळायचे. कढी असो, आंबील असो, वाटी ओठांशी नेऊन ते अशी सुर्रकन ओढायचे की गोठ्यातली म्हैस मान वळवून पाहायची. सासूबाई कपाळाला हात लावत. भाऊजी शांतपणे सांगत, "तिकडं आवाज नाही केला तं रांधनारीले वाईट वाटते, माय." तिकडे म्हणजे जपानात. रांधणारी मीच होते, त्यामुळे मला ते लगेच पटले.

हे माझे धाकटे दीर. तिरोड्याच्या आमच्या घरातले कोणी नागपूरच्या पलीकडे गेलेले नव्हते. यांना गोंदियाच्या एका लाखेच्या व्यापाऱ्याने माल दाखवायला थेट कोबे बंदरात पाठवले आणि हे चांगली काही वर्षे तिथे राहून आले. येताना जेवतानाचा आवाज आणला आणि त्याहून मोठा एक अभिमान आणला. परमुलखात राहून आपण एकही एकादशी मोडली नाही, हा तो अभिमान.

त्याची हकीकत अशी. कोबेच्या एका गल्लीत कोण्या म्हातारीची खाणावळ होती. चपला बाहेर काढायच्या आणि चटईवर बसायचे. दाराशी पोत्यात तिकोनी काळा दाणा पाहिला आणि भाऊजींना देव भेटल्यासारखे झाले. तो कुट्टू होता. आमच्या घरी शिंगाड्यासारखाच तोही उपासाला चालतो. म्हातारी त्या पिठाच्या शेवया गरम रसात वाढायची आणि शेवटी शेवया उकडलेले पाणी पेजेसारखे प्यायला द्यायची. दर एकादशीला भाऊजी तिथे हजर. आजूबाजूचे लोक तांदळाची दारू कोमट करून घेत बसलेले असत. "मी त्या दिवशी हात नाही लावलो," भाऊजी छातीवर हात ठेवून सांगत. "एकादशीले तांदूळ चालते काय जी? मी द्वादशीले घेत होतो. पारन्याले."

जातीच्या पंचांना हे पटत नव्हते. समुद्र ओलांडला म्हणजे मिशी काढा, पंचगव्य घ्या, जातीला जेवण घाला. भाऊजी म्हणत, "पाप नाही केलो, तं मिशी काऊन काढू?" तेव्हापासून लग्नकार्यात त्यांचे पान पंगतीपासून हातभर दूर मांडत. आपल्याला त्याचे काही नाही असे ते दाखवत. पण असे जेवून आले की त्या दिवशी घरी पाणीसुद्धा आवाज न करता पीत. मुख्य पंच तानबाजी मोहाची घेतल्याशिवाय न्यायाला बसत नसत. पण ती आपल्याच रानातली, समुद्र ओलांडून आलेली थोडीच.

जपानशी लढाई जुंपण्याच्या जरा आधी त्या व्यापाऱ्याकडे लाख पाहायला एक जपानी साहेब आला. भाऊजींनी त्याला घरी जेवायला बोलावले आणि पंचांनाही बोलावले. "साक्षीदार येऊन राहिला, वहिनी. मी काय खात होतो ते त्याच्याच तोंडून ऐका म्हनाव." मी कुट्टूत थोडे शिंगाड्याचे पीठ घालून शेवया केल्या आणि जिरे-मिरचीचा रस केला.

साहेबाने बांबूच्या काड्यांनी पहिला घास घेतला आणि ओसरी दणाणेल असा आवाज केला. तानबाजी मिशीत हसले. "म्हंजे हा पोरगा खोटं नव्हता बोलत," ते इतर पंचांना म्हणाले. भाऊजींचे पान पंगतीत घेण्याचा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात साहेब वाटी खाली ठेवून, मान लववून भाऊजींना काहीतरी बोलला.

"काय म्हनते तो?" तानबाजींनी विचारले.

भाऊजींचा चेहरा उतरला. जपानी समजणारा दुसरा माणूस गावात नव्हता. फार छान झाले म्हणतो, एवढे सांगितले असते तरी भागले असते. मी दाराआडून देवाला तेच मागत होते. भाऊजींनी साहेबाला पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

"शेवया चांगल्या झाल्या म्हनते," ते म्हणाले. "पन तिकडं रसात वाळल्या मासोळीचा कीस टाकतेत, तो नाही म्हनते." मग पंचांकडे वळून म्हणाले, "म्हंजे मी साऱ्या एकादश्या मासोळीवर केलो."

कोणी हसले नाही. साहेब मात्र सगळ्यांकडे पाहून प्रसन्न हसत होता.

मिशी गेली, पंचगव्य झाले, जातीला जेवण झाले. भाऊजींचे पान तानबाजींच्या शेजारी मांडले. मी कढी वाढून गेले आणि कान देऊन राहिले. भाऊजी मान खाली घालून, कढी भातात कालवून मुकाट जेवले. ज्या पंगतीसाठी ते इतकी वर्षे झुरले, त्या पंगतीत मला रडू आले.

पुढच्या द्वादशीला सासूबाई देवळात गेल्यावर मी गोठ्यामागे तीन दगड मांडले. बाजारातून वाळली मासोळी पदराखाली आणली होती. आमच्या घरात ती कधी शिजली नव्हती. नव्या गाडग्यात रस केला, शेवया घातल्या आणि भाऊजींना हाक मारली.

त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग अशी ओढली की म्हशीने मान वळवली.

"तोच रस, वहिनी," ते म्हणाले. "आता पंच काय काढतीन जी? मिशी तं अजून उगवलीच नाही."

एकादश्या त्यांनी मरेपर्यंत केल्या, नुसत्या शिंगाड्यावर. द्वादशीचे गाडगे मात्र मी दर वेळी नवे आणत होते. आता भाऊजी नाहीत. नातवंडे शेवयांची खीर आवाज करत ओढतात तेव्हा सून त्यांच्यावर डोळे वटारते. मी तिला म्हणते, ओढू दे, रांधणारीला बरे वाटते.